बढतीच्या कळा

बढती नाकारणं ही एक विद्या आहे आणि ती शिकवणारी आपल्या देशातली मोठी शाळा म्हणजे बँक. इतर खात्यांत माणसं बढतीसाठी नवस बोलतात, साहेबांच्या मुलीच्या लग्नात पंक्तीला वाढतात. बँकेतला कारकून मात्र बढतीची परीक्षा जाहीर झाली रे झाली, की म्हातारी आई, बायकोची नोकरी, पोराची दहावी आणि स्वतःचा मणका अशा चार सबबी फडताळातून काढून झटकून ठेवतो. कारण उघड आहे. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे असं गाव, जिथं दिवसातून दोन एस.ट्या येतात आणि त्यांतली एक वाटेत बंद पडते. मी बी.कॉम. आहे, बावीस वर्षं कारकून आहे आणि चार वेळा परीक्षेच्या दिवशी आजारी पडलेलो आहे. २०२४ सालच्या करारानं कारकुनाचा 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झाला. नाव लांबलं, खुर्ची तीच राहिली. तिचा उजवा हात अजून निखळतो.

हे सगळं पुराण सांगायचं कारण असं, की आमच्या घराण्यात 'बढती' या विषयातला तज्ज्ञ म्हणून माझा लौकिक आहे. त्यामुळे गेल्या वर्षी वहिनींना बढतीचा कागद आला तेव्हा दादानं मला बोलावणं धाडलं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. एका सरकारी रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं 'अधिपरिचारिका'. हा शब्द फक्त पगारपत्रकात राहतो. बाकी सगळीकडे त्या 'सिस्टर'. या अठ्ठावीस वर्षांतली बरीचशी, तुकड्यातुकड्यांनी का होईना, लेबर रूममध्ये गेली. पहिली पाचशे बाळं त्यांनी वहीत मांडून ठेवली होती, मग वही संपली. बाळं काही संपली नाहीत. वहिनींबरोबर भाजीबाजारात जाणं म्हणजे फुकटची मिरवणूक. कोणीतरी बाई मध्येच थांबते, मिसरूड फुटलेल्या एका घोड्याला पुढे ढकलते आणि म्हणते, "सिस्टर, हा तुमच्याच हातचा! पायाळू!" घोडा चपलेकडे बघत उभा राहतो. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण वैद्यांपुरती असावी. सुइणीला बाया विसरत नाहीत, असं निदान कांदेबटाट्यांच्या गाळ्यापाशी तरी दिसतं.

पूर्वीच्या सुइणीला बढतीची भानगडच नव्हती. गावात एक सुईण. तीच शिकाऊ, तीच मुख्य. डोळ्यांना दिसेनासं झालं की ती सुनेला पुढे करायची, हीच निवृत्ती. पगार म्हणजे खण-नारळ, जुनेर आणि पायलीभर दाणे. बाळ घेताना चालणारा तिचा हात पुष्कळ घरांत बारशाच्या पंगतीला मात्र चालत नसे. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला आणि सुइणींनाही शिकवावं हा विचार सरकारदरबारी रुजू लागला. पुढे शिक्षण आलं, परीक्षा आल्या आणि परीक्षा आल्या म्हटल्यावर शिडी येणारच.

ही शिडी मी वहिनींकडून समजून घेतली. खालच्या पायरीवर अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका आणि शेंड्यावर अधिसेविका. बोलण्यात याच बाया स्टाफ सिस्टर, इन्चार्ज सिस्टर, असिस्टंट मेट्रन आणि मेट्रन. खेड्यांकडे दुसरी शिडी आहे. सपाटीवर ५,००० लोकवस्तीमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे एक उपकेंद्र असावं असा दंडक. तिथली आरोग्य सेविका काही वर्षं काढते, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेते आणि आरोग्य सहाय्यिका होते. म्हणजे आधी एक उपकेंद्र सांभाळत होती, ती आता सहा उपकेंद्रं तपासते.

"म्हणजे आमच्यासारखंच की!" मी म्हणालो.

"तुमच्यासारखं कसं? तुमचा साहेब चढतो तरी पैशांतच राहतो ना?" वहिनी म्हणाल्या. "आमच्यात प्रत्येक पायरीला बाई खाटेपासून लांब जाते. स्टाफ सिस्टरचा हात बाळंतिणीच्या पोटावर. इन्चार्ज झाली की तोच हात चादरींच्या रजिस्टरवर. असिस्टंट मेट्रनचा हात ड्यूटीच्या यादीवर. आणि मेट्रनचा फोनवर."

यात आणखी एक गंमत आहे. वहिनींच्या प्रमाणपत्रावर त्या नर्सही आहेत आणि मिडवाइफही आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमाचं नावच मुळी 'जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी'. पण नोकरीत शिरल्या दिवशी त्यातली मिडवाइफ फायलीत बसली ती बसलीच. नर्स म्हणून नेमणूक, तेव्हा नर्स कुठेही चालते. सहा महिने लेबर रूम, मग नेत्रकक्ष, मग हाडांचा वॉर्ड. कायद्यातही तीच तऱ्हा. १९४७ चा कायदा नावानं नुसता नर्सिंग कौन्सिलचा. २०२३ साली संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा केला, तेव्हा कुठे आयोगाच्या नावात नर्सिंगला खेटून मिडवायफरीला जागा मिळाली. नावात शिरायला ७६ वर्षं! आमच्या बँकेत खात्यावर वारसाचं नाव चढायला लागतो त्याहून हा काळ किंचितच जास्त.

तर असा सगळा मामला. मी रीतसर कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने केले. जमेच्या बाजूला: पगारवाढ, निवृत्तिवेतनात भर, रात्रपाळीतून सुटका, गुडघ्यांना आराम. नावेच्या बाजूला: लेबर रूम सुटणार, हातातली विद्या गंजणार, भाजीबाजारातली कीर्ती ओसरणार, चादरी मोजाव्या लागणार. बेरीज मारली आणि खाली तांबड्या शाईनं शेरा लिहिला: 'बढती नम्रपणे नाकारावी.' नम्रपणे कसं नाकारायचं याचे तीन मसुदेही जोडले. ते माझेच होते, फक्त मणक्याच्या जागी गुडघा केला होता.

वहिनींनी कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या पोळपाटाखाली सारला. पोळपाट स्थिर झाला. माझ्या सल्ल्याचा आमच्या घरात नेहमी असाच उपयोग होतो.

तेवढ्यात पुतणी आली. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय करायचं यावर तिचं नि आईचं अधूनमधून जुंपतं. ती म्हणाली, "काका, इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत 'कन्सल्टंट मिडवाइफ' अशी मोठी जागा आहे. तिच्यात नियमच असा, की अर्धा वेळ तरी बाळंतिणींच्या सेवेत घालवायचा. २०१९ साली तर त्यांनी देशासाठी पहिली मुख्य मिडवायफरी अधिकारी नेमली. मिडवाइफच, डॉक्टर नव्हे."

"अर्धा वेळ खाटेपाशी?" वहिनींनी लाटणं थांबवलं. "आणि उरलेल्या अर्ध्यात काय, चादरी?"

"शिकवतात. संशोधन करतात. लेबर रूम कशी चालावी ते ठरवतात."

वहिनी काही बोलल्या नाहीत. तव्यावरची पोळी मात्र करपली. त्यांच्या हातून पोळी करपताना मी पहिल्यांदाच पाहिली.

आपल्याकडेही काही हललेलं नाही असं नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अनुभवी परिचारिकेनं अठरा महिन्यांचं खास शिक्षण घ्यायचं, 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी' व्हायचं आणि ज्यांच्या बाळंतपणात धोका दिसत नाही अशा बायांसाठी मिडवाइफनीच चालवलेला कक्ष असायचा. गुंतागुंत झाली तर शेजारी डॉक्टर आहेतच. तेलंगणानं तर २०१७ पासूनच असं शिक्षण सुरू केलं होतं. म्हणजे खाटेला टेकलेली शिडी कागदावर आलेली आहे. कागदावरची शिडी भिंतीला टेकायला किती दिवस लागतात हे बँकेत जन्म काढलेल्या माणसानं सांगायला नको.

"मग आई, तू ही बढती सोड आणि वाट बघ," पुतणी म्हणाली. "मीही तेच म्हणतोय," मी म्हणालो. काकाचं आणि पुतणीचं एकमत होण्याचा हा दुर्मीळ योग होता. पण वहिनींनी गॅस बंद केला आणि एक हकीकत सांगितली.

दोन वर्षांपूर्वी त्यांची पाळी नेत्रकक्षात होती. रात्री लेबर रूममध्ये एक नवी मुलगी, तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली. एक पहिलटकरीण मोकळी झाली, बाळ रडलं, वार पडली, सगळं ठीक. पण या मुलीला चादरीखालचं रक्त जरा जास्त वाटलं. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. दुसऱ्या सिस्टरला बाळंतिणीपाशी उभी करून ती जिने चढून धावत वर आली आणि वहिनींना ओढत खाली घेऊन गेली. वहिनींनी पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय चेंडूसारखं टणक लागायला हवं. ते मळलेल्या कणकेसारखं मऊ लागत होतं. त्यांनी चोळायला सुरुवात केली, इंजेक्शन मागवलं, डॉक्टरांना निरोप धाडला. बाई वाचली.

"ती पोरगी हुशार होती हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "रक्त पाहून तिला शंका आली. पण मऊ म्हणजे किती मऊ हे हाताला कळायला दोनशे पोटं लागतात. तिची तीस झाली होती. आणि पुढच्या महिन्यात तिला हाडांच्या वॉर्डात टाकली."

मी आकड्यांचा माणूस. देशात दर लाख जिवंत जन्मांमागे २०१४-१६ मध्ये १३० माता दगावत, २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. हे मी वाचलेलं होतं. ताळेबंद सुधारतो आहे म्हणून बरंही वाटलं होतं. पण ९७ मधली एक त्या रात्री कमी झाली, ती तिसऱ्या मजल्यावरच्या नेत्रकक्षात जागी असलेल्या एका बाईमुळे, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

"तुम्ही बढती नको म्हणता ती खुर्ची सुटू नये म्हणून," वहिनी म्हणाल्या. "मला खुर्ची नकोच आहे. मला यादी हवीय."

"कसली यादी?"

"ड्यूटीची. माझ्या पोरी लेबर रूममधून हलवू नका असं सांगायला इन्चार्ज असावं लागतं. स्टाफ सिस्टरचं कोण ऐकतं?"

आणि त्यांनी बढती घेतली.

नेमणूक झाली ती पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात. आमच्या बँकेत कर्जखात्यातल्या माणसाला साहेब करून लॉकरच्या किल्ल्या देतात, त्याच चालीचं हे धोरण. हर्निया झालेल्या वीस बाप्यांत वहिनी सकाळ-संध्याकाळ चादरी मोजत. "एकालाही कळा येत नाहीत हो," त्या म्हणायच्या, "पण ओरडतात मात्र बायांपेक्षा जास्त."

इथं माझी विद्या कामाला आली. बँकेनं मला दुसरं काही दिलं नसेल, पण अर्ज लिहिणं दिलं. मी परिपत्रकं धुंडाळली. २०१७ साली केंद्रानं 'लक्ष्य' नावाचा लेबर रूम सुधारण्याचा कार्यक्रम काढला होता. त्यातच सापडलं, की लेबर रूममधल्या परिचारिकांना फिरतीवर दुसऱ्या वॉर्डांत पाठवू नये. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. सरकारी माणसाला विनंती टाळता येते, परिपत्रक टाळताना घाम फुटतो. मी 'विषय' लिहिला, 'संदर्भ' लिहिला, 'उपरोक्त विषयास अनुसरून' केलं आणि शेवटी 'आपली विश्वासू'. पहिला अर्ज हरवला. दुसऱ्यावर 'पाहिले' असा शेरा आला. तिसरा 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' जिथून निघाला होता तिथंच परत आला. चौथ्याला पोच मिळाली आणि सातव्या महिन्यात वहिनी लेबर रूमच्या परिसेविका झाल्या.

आता त्यांनी आपलं टेबल, रजिस्टर आणि चादरींचा हिशेब उचलून थेट लेबर रूमच्या दाराशी नेला आहे. बसायला स्टूल. इंग्लंडसारखा अर्ध्या वेळाचा नियम नाही, तेव्हा हा नियम त्यांनी स्टुलापुरता स्वतःच केला. त्या रात्रीची मुलगी हाडांच्या वॉर्डातून परत आली आहे.

परवा मी विचारलं, "मग, बाळं घेता की नाही अजून?"

"काल एक अवघड होतं," त्या म्हणाल्या. "हात नुसते शिवशिवत होते माझे. पण पोरीला म्हटलं, तू घे. आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. आठ मिनिटं."

"आठ मिनिटं तुम्ही काहीच केलं नाहीत?"

"तेच तर केलं! बाळंतपणातलं निम्मं काम थांबण्याचंच असतं भाऊजी. आधी बाईजवळ थांबायला शिकायचं, मग शिकणाऱ्या पोरीजवळ. दुसरं जास्त अवघड."

पुतणीनं त्या अठरा महिन्यांच्या शिक्षणाला पात्र व्हायला काय काय लागतं याची यादी करून भिंतीवर चिकटवली आहे. आधी पदवी, मग बाळंतपणांच्या कामाचा अनुभव, मग अर्ज. आईशी तिचं हल्ली त्यावरच जुंपतं. आई म्हणते, आधी हात तयार कर, शिडी कुठे पळून जात नाही.

वहिनींच्या नोकरीची आता चार वर्षं उरली आहेत. लेबर रूममध्ये पक्क्या टिकलेल्या मुली तीन झाल्या. चौथीला नेत्रकक्षात पाठवायचा हुकूम कालच निघाला, म्हणून आज रविवार असूनही मी कागद पुढे ओढून बसलो आहे. विषय तोच आहे. संदर्भ तेवढा एकानं वाढला.