आमच्या आळीचा आकडा

"सर, राग नका मानू, पण हे बघा," असं म्हणून त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि आमच्या ओटीवर पसरला. आकड्यांच्या रांगाच रांगा. एकाच ओळीवर पिवळा रंग फिरवलेला. ती आमच्या मतदान केंद्राची ओळ. आपल्या पक्षाच्या रकान्यातला आकडा त्यानं नखानं दाबून धरला. "दीड महिना टँकर येत होता आळीत. आणि मतं ही?"

आवाज चढवला नाही. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. चहा घेतला, बशी खाली ठेवली, कागद होता त्याच घड्यांवर मोडला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून टँकर बंद. निवडणूक कुठली, पक्ष कुठला, ते सांगत नाही. दुसरा असता तरी त्यानं हेच केलं असतं.

टँकरचं मला तेवढं लागलं नाही. सरकारी नव्हताच तो. ज्यानं पाठवला, त्यानं थांबवला. पनवेलजवळच्या आमच्या पळस्पे फाट्यावर रात्रंदिवस कंटेनर जातात, इमारती उठतात आणि बायका हंडे घेऊन वाट बघतात, हे काही आजचं नाही. लागलं ते दुसरंच. मास्तरकीत मी कितीतरी निवडणुकांना केंद्राध्यक्ष होतो. पुठ्ठ्याच्या आडोशाशी गोंधळून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यांना मीच सांगायचो, "आजी, दाबा कुठलंही बटण. देवाशिवाय कोणाला कळत नाही."

आणि संध्याकाळी नमुना १७-सी भरून, सही करून, त्याच्या प्रती पक्षांच्या प्रतिनिधींच्या हातात मीच ठेवायचो. त्यात फक्त एकूण मतदान. पण मोजणीच्या दिवशी त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भागात कोणाला किती ते भरतात, प्रत्येक केंद्राचं वेगळं. म्हणजे आजीचं मत कळत नाही, आजीच्या आळीचं कळतं. केंद्राला हजार-बाराशे मतदार, यादी घरांच्या क्रमानं लावलेली. तिच्यात कोण कोणाचा, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. मग राहिलं काय गुप्त? इतकी वर्षं मी त्या आज्यांना काय सांगत होतो?

कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्या ओतून, मिसळून मोजायची पद्धत होती. यंत्रं आली आणि मिसळणं गेलं. त्यावर उपाय आहे. १४ यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं 'टोटलायझर' नावाचं उपकरण निवडणूक आयोगानं २००८ साली सुचवलं. विधी आयोगानं २०१५च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारनं मानलं नाही. कारण काय, तर केंद्रनिहाय आकडे पक्षांना त्या त्या भागात काम करायला उपयोगी पडतात. पडतात ना! माझ्या ओटीवर बसून पडले. उमेदवार मत मागायला आले की लोकांनी रस्ता, गटार जरूर मागावं, पण सोबत हे टोटलायझरही मागावं, असं मी भेटेल त्याला सांगतो. लोक मान हलवतात आणि पाण्याचं विचारतात.

आता एवढं तावातावानं लिहितोय खरा, पण माझ्या लहानपणी कुठं काय गुप्त होतं? आमचं घर खटारा निशाणीचं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचं, शेकापचं. पनवेलमधून दि. बा. पाटील पाच वेळा आमदार झाले, १९७७ आणि १९८४ साली कुलाब्याचे खासदार झाले. सिडकोनं घेतलेल्या जमिनींसाठी जानेवारी १९८४मध्ये आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर तर शिक्का कुठं मारला, हे आमच्या घरात कोणी कोणाला विचारतच नसे. आळीत काँग्रेसची दोनच घरं. त्यांच्याकडच्या लग्नाला आम्ही जायचो नाही. एकदा तिथली बुंदी खाऊन आलो म्हणून बाबांनी मला अंगणात उभं केलं होतं. तेव्हा कागद लागत नव्हता, बुंदीवरून कळायचं.

पुढं २००९ साली विधानसभेची जागा शेकापकडून काँग्रेसकडे गेली. २०१४ला तेच आमदार भाजपकडून निवडून आले. लोक बदलले की पुढारी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बाबा असते तर नक्की सांगितलं असतं, आणि ते चुकीचं असतं.

तर तो पोरगा गेला आणि मी काय केलं? तो आकडा डोक्यात घेऊन घरं मोजायला बसलो. कोपऱ्यावरच्यांची चार, पिठाच्या गिरणीवाल्यांची पाच, भाडेकरूंची धरायची की नाही. बेरीज जुळेना. रात्री जेवतानाही बोटं चालूच. बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आपल्या घरची किती धरलीत?"

"तीन," मी म्हणालो. "आपण दोघं आणि पोरगा."

"तिन्ही एकाच बाजूला?"

मी बघत राहिलो. तिनं आमटीचं पातेलं उचललं आणि आत गेली. पाण्याची बोंब होती, त्यामुळं ताटं सकाळसाठी तशीच ठेवली. तिला मी अजून विचारलेलं नाही. बेरीजही जुळलेली नाही.