तिथी, ओहोटी आणि कॅमेरा

दातिवऱ्याला तळे नाही. वैतरणेची खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीने उघडा पडलेला चिखल आहे. मात्र पाऊस परतू लागला, ऊन-ढगांचा लपंडाव सुरू झाला, की त्या ओल्या चिखलात सगळे आभाळ उतरते आणि तळ्याची उणीव भासत नाही.

छायाचित्रणाची पुस्तके बजावतात, क्षितिज चौकटीच्या मधोमध नको. नियम चांगला आहे. आम्ही वर्गात व्याकरणाचे शिकवतो तसाच. पण वरचे ढग आणि खालचे ढग सारखेच बोलू लागले तर पक्ष कोणाचा घ्यावा? मी सरळ मध्ये रेघ घेतो. खालचे आभाळ नेहमी किंचित सावळे असते, तेवढ्याने चित्र सपाट होत नाही. पूर्वेचा तांदुळवाडीचा डोंगर तेवढा कडेला सरकवतो. ही मांडणी आधीच करून कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा. उन्हाचा पट्टा डोंगरावर आल्यावर जागा शोधणाऱ्याच्या हाती सावलीच लागते.

ढगांचा भरवसा नाही, ओहोटीचा आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास इकडे ती भर दुपारी असते, म्हणून मावळतीचे ऊन डोंगरावर पडते तेव्हा नेमका चिखल उघडा असतो. कोळ्यांना हे तिथीवरूनच ठाऊक. मी पंचांग फोटोंसाठी विकत घेतो, हे घरी पसंत नाही. त्यातून लक्ष्मीपूजन अमावास्येचे! दरवर्षी हिला विचारतो, "मुहूर्त जरा उशिराचा आहे का गं?" ती पंचांग न उघडताच "नाही" म्हणते.