ताई नक्की काय करते?

आमचे आप्पा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सांगलीच्या स्टँडवर उभं आयुष्य गाड्या सोडण्यात गेलं. कोणी विचारलं, की तुमची थोरली अमेरिकेत काय करते, तर ते म्हणायचे, ‘‘सरकारी काम आहे,’’ आणि लगेच पाऊसपाण्यावर यायचे. खरं सांगायचं तर ताई काय करते हे आमच्या घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, एवढंच. पण गल्लीतल्या चार घरांतली मुलं सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ती कंपनीचं नाव सांगतात, पगारही सांगतात. आमची ताई दोन्ही सांगत नाही.

त्यातून नऊ वर्षांपूर्वी तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं. दाजी आधीपासून तिथलेच नागरिक. ताईला जिथं नोकरी हवी होती तिथं नागरिक असल्याशिवाय प्रवेश नव्हता. आपला कायदा दोन देशांचं नागरिकत्व मानत नाही, म्हणून आपला पासपोर्ट तिला परत करावा लागला. आप्पांना ते लागलं. ‘‘लग्न झालं की मुलगी सासरची होते हे ऐकलं होतं,’’ ते म्हणाले, ‘‘नोकरीसाठी देश बदलते हे नव्हतं ऐकलं.’’ तेव्हापासून तिचा फोन आला, की ‘‘आईशी बोल’’ म्हणून ते फोन पुढं करायचे. आई बिचारी दोघांच्या मध्ये.

यंदा मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि ताईनं तिकीट पाठवलं. मी अर्धवेळ शिक्षिका, मुलांना सासूबाईंनी सांभाळलं, आणि मी निघाले. निघताना आईनं मेतकूट आणि भाजणी दिली. आप्पांनी काहीच दिलं नाही. फक्त म्हणाले, ‘‘बघून ये, काय करते ती.’’

ताई राहते ते बेडफर्ड हे मॅसॅच्युसेट्स राज्यातलं छोटं गाव, बोस्टनच्या वायव्येला. लाकडी घरं, पुढं हिरवळ, आणि घराला कुंपण बहुतेक नाहीच. मे महिन्यातही सकाळी शाल लागायची. मेपलच्या झाडांना कोवळी पानं फुटलेली, आणि संध्याकाळी सात वाजले तरी लख्ख उजेड. गावात पूर्वी रेल्वे येत होती. त्या रुळांच्या जागी आता पायी आणि सायकलनं जायची वाट आहे, ती थेट केंब्रिजच्या वेशीपर्यंत जाते. जुन्या स्टेशनच्या जागेला अजून ‘बेडफर्ड डेपो’ म्हणतात. डेपो! मला आप्पा आठवून हसूच आलं.

पण कुंपण नसलेल्या या गावाला एक मोठं कुंपण आहे. गावाच्या कडेला हॅन्सकॉमचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ आहे. त्याच्या आसपास ताईच्या संस्थेसारख्या संस्था आहेत. तिच्या संस्थेचं नाव मी इथं देत नाही, तिला ते आवडणार नाही. पण तिच्या शेजारच्या दोन संस्थांची माहिती छापलेलीच आहे. लिंकन लॅबोरेटरी १९५१ साली निघाली, ती एम.आय.टी. हे विद्यापीठ चालवतं. तिथं ‘सेज’ नावाची, देशाच्या आकाशावर नजर ठेवणारी यंत्रणा तयार झाली. तिचा एकेक संगणक सुमारे २५० टनांचा, त्याच्यासाठी स्वतंत्र इमारत! पुढं ते काम विद्यापीठाच्या आवाक्याबाहेर वाढलं, तेव्हा १९५८ साली लिंकनमधल्याच माणसांतून ‘मायटर’ ही वेगळी संस्था उभी राहिली. दोन्ही ठिकाणी पैसा मुख्यतः सरकारचा, पण दोन्हीही सरकारी खाती नव्हेत. आणि नफाही कमवायचा नाही.

‘‘म्हणजे धर्मादाय?’’ मी पोळ्या लाटता लाटता विचारलं.

‘‘नाही गं. पगार सगळ्यांना मिळतो. पण शेअर नाहीत, नफा वाटून घेणारा मालक नाही. आणि अशा संस्थांनी कारखाना काढून माल विकायचा नाही, कंपन्यांशी स्पर्धा करायची नाही. तू घर बांधताना सिमेंटच्या दुकानदाराला विचारलंस, किती पोती लागतील, तर तो काय सांगेल?’’

‘‘दोन जास्तच सांगेल.’’

‘‘म्हणून ज्याला काही विकायचं नाही असा एक माणूस हवा. ते आम्ही.’’

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत गेली असती तर पगार जास्त मिळाला असता, हेही तिनं सांगितलं. हळहळ मात्र दिसली नाही.

रोज सकाळी साडेसातला ती डबा घेऊन निघायची, गळ्यात ओळखपत्र. कामाच्या काही खोल्यांत मोबाईल नेता येत नाही, तो बाहेरच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवायचा. तिच्या मुलीच्या शाळेतून निरोप आला तर तो आधी दाजींकडे जातो. संध्याकाळी निघण्यापूर्वी, आज कुठल्या कामाला किती तास दिले, हे रोजच्या रोज नोंदवायचं. उद्या लिहू म्हटलेलं चालत नाही. आपण दुधाचा खाडा कॅलेंडरवर त्याच दिवशी मांडतो, तसंच. पैसा लोकांच्या कराचा, तेव्हा तासाचाही हिशेब द्यायचा.

पहिले चार दिवस ती आली की मी विचारायची, ‘‘आज काय केलंस?’’ ती म्हणायची, ‘‘काम.’’ मैत्रिणींनो, मला राग आला. सख्ख्या बहिणीपासून काय लपवायचं! पाचव्या दिवशी मी तसं बोललेही. ती म्हणाली, ‘‘दाजींनाही सांगत नाही मी. सवय झाली आहे त्यांना. तुलाही होईल.’’

शनिवारी आम्ही दोघी त्या जुन्या रुळांच्या वाटेनं लेक्सिंग्टनपर्यंत चालत गेलो. (तुम्ही कधी गेलात तर पायांत बूट हवेत, चप्पल घालून चूक करू नका.) १९ एप्रिल १७७५ला इंग्रजांशी पहिली चकमक झाली ते हिरवं मैदान तिथं आहे. वाटेत डोक्यावरून विमानं जात होती. मी धीर करून म्हणाले, ‘‘ताई, इथलं पुष्कळसं काम लष्कराचंच ना?’’

ती जरा वेळ गप्प राहिली. ‘‘हो,’’ म्हणाली. ‘‘आणि त्यातलं सगळं मला पटतं असं नाही. पण एक गोष्ट सांगते. ही गुपित नाही, कुठंही वाचायला मिळेल. १९९६ साली चरखी दादरीला दोन विमानं धडकली होती, आठवतं?’’

आम्ही लहान होतो, पण आप्पा पेपर हातात धरून सुन्न बसलेले आठवत होते. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि दिल्लीला उतरू पाहणारं कझाकस्तानचं विमान हवेत आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

‘‘असं होऊ नये म्हणून विमानात एक यंत्र असतं, टीकॅस. मायटर आणि लिंकन, दोघांनीही त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. ते साधारण दर सेकंदाला आजूबाजूच्या विमानांना विचारतं, कुठं आहात, किती उंचीवर आहात. फार जवळ आलं तर एका वैमानिकाला सांगतं वर जा, दुसऱ्याला सांगतं खाली जा. दोघांना एकच सांगून चालणार नाही ना! त्या अपघातानंतर आपल्याकडं येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत ते सक्तीचं झालं. तू ज्या विमानातून आलीस, त्यातही होतं.’’

मी विचारलं, ‘‘तू केलंस का ते?’’ ती नुसती हसली.

घरी आल्यावर चहा घेताना तिनं मार्गारेट हॅमिल्टनबद्दल सांगितलं. ही बाई गणिताची बी.ए. (मीही बी.ए.च, पण मराठीची!) १९६१च्या सुमारास लिंकनमध्ये ‘सेज’च्या कामावर होती, पुढं एम.आय.टी.त चंद्रावर जाणाऱ्या यानाच्या सॉफ्टवेअरची प्रमुख झाली. ती प्रयोगशाळा आज ड्रेपर नावाची अशीच विनानफा संस्था आहे. बाई कधी सुट्टीच्या दिवशी, कधी रात्री आपल्या छोट्या मुलीला कामावर न्यायची. एकदा पोरीनं खेळता खेळता बटणं दाबली आणि यानाचं नकली उड्डाण बंदच पडलं. उड्डाण चालू असताना तिनं उड्डाणापूर्वीचा कार्यक्रम निवडला होता. आई म्हणाली, अंतराळवीराकडूनही असं होईल, तेव्हा ही चूक अडवणारं काहीतरी घालू या. वरचे म्हणाले, आमचे अंतराळवीर असल्या चुका करत नाहीत. डिसेंबर १९६८मध्ये अपोलो ८च्या प्रवासात नेमकी तीच चूक झाली आणि पुसलेली माहिती पृथ्वीवरून पुन्हा पाठवावी लागली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या शब्दाला मान मिळवून देण्यात या बाईचा मोठा वाटा.

‘‘आमचं निम्मं काम हेच,’’ ताई म्हणाली. ‘‘शहाणा माणूससुद्धा कुठं चुकेल, ते आधी बघून ठेवायचं. चूक झाली नाही तर कुणाला कळतही नाही, की कुणी काही केलं होतं.’’

मी कपबशा विसळत होते. म्हटलं, ‘‘हे मला नको सांगूस. वीस जणांच्या पंगतीत भात कमी पडला नाही, तर भाताबद्दल कोण बोलतं?’’ दोघी मनापासून हसलो.

निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना तिनं कपाट उघडलं. आईनं लग्नात दिलेल्या चांदीच्या करंड्याखाली तिचा जुना पासपोर्ट होता, रद्द केल्याचा शिक्का मारलेला. ‘‘आप्पांना वाटतं, मी तो टाकून दिला,’’ एवढंच बोलली. मी तो पुन्हा करंड्याखाली ठेवला.

सांगलीला आल्यावर चार दिवस आप्पांनी काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी शेंगा सोलता सोलता म्हणाले, ‘‘मग? काय करते?’’

मी सगळं सांगितलं. तासांचा हिशेब, कुलपातला मोबाईल, चरखी दादरी, एकाला वर आणि एकाला खाली सांगणारं यंत्र, करंड्याखालचा पासपोर्ट. ते बराच वेळ गप्प होते.

‘‘म्हणजे कंट्रोलरचंच काम की,’’ ते म्हणाले.

‘‘आप्पा, ते काम तिचंच आहे, असं ती म्हणाली नाही हं.’’

‘‘नाही म्हणणार. कामावरचं सगळं आम्ही तरी कुठं घरी सांगत होतो?’’

त्या रविवारी ताईचा फोन आला. आप्पांनी तो आईकडं दिला नाही. घसा खाकरून म्हणाले, ‘‘काय गं, तुमच्या गावातही डेपो आहे म्हणे?’’