रुजू होताच रजा

बँकेत अकरा दिवस भरले की एक दिवसाची हक्काची रजा खात्यात जमा होते. वीस-बावीस वर्षं मी हाच नियम आयुष्याला लावत आलो. आधी राबा, मग बसा. आणि राबणं कधी संपत नसल्यामुळे बसणं आपलं राहूनच जायचं.

२०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा मिळाला. लोक म्हणाले, "चैन आहे बुवा तुमची!" चैन कसली? त्या शनिवारांनाही मी कामाला जुंपलं. माळा आवरणं, स्कूटर धुणं, नळाचा वॉशर. रविवारी उपासनेला जायचो. पण उपदेश सुरू झाला की दानाच्या पाकिटामागे दुपारच्या कामांची यादी करायचो. पाकीट यादीसकट थैलीत पडायचं. शेवटी एकदा चर्चच्या खजिनदाराने मला गाठलंच. "भाऊ, हा 'नळाला वॉशर' कोणत्या खात्यात जमा करू?"

मार्चअखेरच्या धामधुमीतल्या एका रविवारी मात्र यादी करता करताच माझा डोळा लागला. नुसता लागला नाही, मी चक्क घोरलो. सौ.ने कोपर मारलं, तेव्हा मी दचकून मोठ्यांदा ओरडलो, "नेक्स्ट!" अख्खी मंडळी वळून बघायला लागली.

दारात पाळकसाहेब भेटले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, प्रभू येशूसुद्धा भर वादळात नावेत निजला होता. मार्काने तर त्याच्या उशीचीसुद्धा नोंद केली आहे." मला हायसं वाटलं. "फरक एवढाच," ते हसून म्हणाले, "त्याची पित्यावर भिस्त होती म्हणून तो निजला. तुम्ही थकून कोसळलात."

घरी येऊन मी बायबल काढलं आणि उत्पत्तीची पहिली दोन पानं तपासायला बसलो. तपासणं हा तर आमचा धंदाच! सहा दिवस देवाने काम केलं, केलेल्या कामावर 'चांगले' असा शेरा मारला आणि सातव्या दिवशी तो विसावला. हे लहानपणापासून पाठ. पण दिवस ओळीने मांडले तेव्हा दिसलं, की माणूस रुजू झाला सहाव्या दिवशी. म्हणजे त्याचा पहिलाच पुरता दिवस सुट्टीचा! अकरा दिवस सोडाच, गड्याने हजेरीपटावर धड सहीही केली नसेल. रजा आधी, काम मागाहून. विसावा ही मुळी कमाई नव्हतीच; ती देणगी होती.

तेवढ्यात टेबलावरची मुलीची वही दिसली. वय वर्षं दहा. बापाचं बघून तिनेही रविवारची यादी केली होती. सातवं कलम होतं, 'पप्पांशी गप्पा – पप्पांना वेळ असला तर.'

इतका मोठा फरक माझ्या कॅशमध्ये कधी निघाला नव्हता.

आता रविवारी दुपारी मी नुसता बसतो. पहिले तीन-चार रविवार जड गेले. बसायचीसुद्धा सवय लागते. मुलगी बोलते, मी ऐकतो, मधेच डुलकी लागते. आत नळ टपटपत असतो. तो अजूनही मला हाका मारतो. मी त्याला सोमवारी यायला सांगतो. बँकेतल्या माणसाला तेवढं जमतंच.