काळ्या मातीवरचे पॅलेटचे जोते

चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत सुटे भाग ज्यांवर रचून येतात, त्या लाकडी चौकटी म्हणजे पॅलेट. रावेतसारख्या ठिकाणी परसातल्या अवजारांच्या खोपीला त्यांचेच जोते द्यायचे ठरले की कारागिराचा सगळा झगडा जमिनीशी सुरू होतो. पवनेकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शिवाय खोपीखालची माती कोरडी राहत असल्याने मृगाच्या सरींनी आधी कडा उचलल्या जातात व मध्यभाग मागे राहतो. जूनमध्ये दार घासू लागले, तर फट पाहावी : ती सर्वत्र सारखी मिटली असेल तर फळ्या फुगल्या आहेत, एका कोपऱ्याकडे निमुळती होत गेली असेल तर जोते हलले आहे.

यावर उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे : काळी माती शक्य तितकी काढावी, मुरूम थराथराने धुमसून भरावा, त्यावर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवून पॅलेटचे रनर, म्हणजे खालचे आडवे वासे, मातीपासून वर उचलावेत आणि पाण्याला बाहेर उतार द्यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतील बांधकामे पाडली, त्यांत जुनी पॅलेट मिळणारी भंगाराची गोदामेही गेली, तेव्हापासून एका उंचीची पॅलेट निवडून आणणे अवघड झाले असून उंचीतला फरकही आता त्या फरशीनेच भरून काढावा लागतो.

विक्रेते ‘एचटी’ शिक्का दाखवून वाळवी लागणार नाही असे सांगतात, ते खरे नाही. तो शिक्का लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे दिल्याची खूण आहे. तिने आतली कीड मरते, उद्याची वाळवी अडत नाही. ‘एमबी’ शिक्क्याचे, म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, पॅलेट मात्र घराजवळ आणूच नये. जळके ऑइल फासण्याची सर्रास चाल तर आळ्यातल्या अळू-कढीपत्त्याच्या मुळाशी विष नेणारी आहे.

पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की होणारा अभिमान या मातीवर पुढच्या पावसापर्यंतच टिकतो, हे प्रस्तुत लेखकाला पुरते ठाऊक आहे. तरीही वर खोप चढून सारे झाकले जाण्याआधी चार जाणत्यांनी येऊन ते जोते पाहावे, ही हौस त्याला सोडवत नाही.