पासआऊट म्हणजे काय?

आमच्या परंदवडीकडे पोरगी डिप्लोमा पुरा करून आली की लोक म्हणतात, "पासआऊट झाली." पूर्वी नुसते ‘पास’ होते. त्याला आपण ‘ना’ जोडून ‘नापास’ही तयार केला! बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक पास झाले तेव्हा मुंबईत सत्काराची सभा भरली, केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या दोन अक्षरांना एवढे वजन होते. मग हे ‘आऊट’ कुठून चिकटले?

ते आले परेडच्या मैदानातून. इंग्रजांच्या लष्करी शाळांत शिक्षण पुरे झालेले कॅडेट शेवटचे संचलन करून बाहेर पडत, त्याला ‘पासिंग आऊट’ म्हणत. ही परेड आपल्याला परकी नाही. लोणावळ्याला नौदलाची आय.एन.एस. शिवाजी आहे, पुण्याजवळ खडकवासल्याला एन.डी.ए. आहे. एन.डी.ए.तून ३० मे २०२५ रोजी पहिल्यांदाच १७ मुली पासआऊट झाल्या.

पण इंग्लंड-अमेरिकेत घरगुती बोलण्यात हेच क्रियापद शुद्ध हरपण्याला वापरतात, विशेषतः दारू पिऊन आडवे होण्याला. त्याआधी त्याचा अर्थ मरणे असाही होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बेशुद्धीपर्यंत खाली आला. ‘पास’च्या मुळाशी लॅटिनमधले ‘पाऊल’ आहे. माणूस शाळेतून बाहेर पडो की भानातून, इंग्रजीला शब्द एकच. आपल्याकडे तरी ‘गेला’ म्हटल्यावर गावाला की कायमचा, हे विचारावेच लागते ना?

आमची पुतणी एका कंपनीत मुलाखतीला गेली होती. कधी पासआऊट झाले ते तिने इंग्रजीत सांगितले. साहेब हसून म्हणाले, "मग शुद्धीवर कधी आलीस?" बाकीचेही हसले. पोर घरी आली ती जेवलीच नाही. मला इंग्रजी येत नाही, आता कुठे जाणार नाही, एवढेच म्हणत राहिली. तिच्या आजीला सहीसुद्धा येत नाही. तिने विचारले, "नापास झालीस का?" "नाही." "मग रडती कशाला?"

आम्ही तिच्यापुढे शब्दकोश उघडून ठेवला. दोन्ही अर्थ तिथेच होते, बेशुद्धीचाही आणि लष्करी शिक्षण पुरे करण्याचाही. साहेबांना एकच ठाऊक होता. तरी मुलामुलींनो, परक्या माणसापुढे, परदेशी अर्जात हा शब्द टाळलेला बरा. आपला अर्थ खोटा म्हणून नव्हे, समोरच्याला तो कळेलच असे नाही म्हणून.

पुढच्या अर्जात पुतणीने साधे ‘कम्प्लीटेड’ लिहिले. मुलाखतीचे पत्र परवाच आले आहे.