थंडीचा घाम

बाबा फ्रिज दुरुस्त करतात, शिक्षण सातवी. शास्त्रशाखेतल्या मित्राला आपला संगणक ठरल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा होता, पण प्रोसेसर तापे. म्हणून आम्ही जुना विंडो एसी आणला. बाबांनी गॅस जाऊ न देता त्याची कूलिंग कॉइल अलगद वाकवून बाहेर काढली. ती ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्यात बुडवून ते पाणी आम्ही पंपाने प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरवले. दोन अंश!

"नळी गुंडाळा रे, घाम येईल," बाबा म्हणाले. आम्ही हसलो. कॉलेजवाले ना आम्ही!

रत्नागिरीतला जुलै. हवेतली वाफ गार नळीवर जमली, मदरबोर्डवर ठिबकली, पडदा काळा झाला. पैसे मित्राच्या आईच्या भिशीचे होते.

बाबा मुकाट्याने फोमची नळी कापू लागले. मी टोक धरले. मान वर करवली नाही.